घरच्या अंथरुणावरचा क्षयरोगी : मद्रासचे क्षयरोग केंद्र आणि डॉ. वॉलेस फॉक्स

श्रीनिवास रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेतपेट भागात वारले, तेव्हा त्यांच्या आजाराला सगळे क्षयच म्हणत होते. ते निदान चुकले असावे असे आज अनेक अभ्यासकांना वाटते. पण त्या काळी अंगात बारीक ताप, खंगत चाललेले शरीर आणि तरुण वय एवढे जुळले की दुसरे नाव सुचत नसे. इंग्लंडमध्ये असताना रामानुजनांना एकामागून एक सॅनिटोरियममध्ये ठेवले गेले. त्यांपैकी मेंडिप टेकड्यांमधले सॅनिटोरियम डॉ. डेव्हिड चौरी मुथू या भारतीय डॉक्टरांचे होते. हेच मुथू पुढे मायदेशी आले आणि १९२८ साली त्यांनी मद्रासजवळ तांबरमला सॅनिटोरियम उभे केले. मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि अंथरुणावरून न उठता काढलेले महिनोन् महिने ही त्या काळची क्षयाची चिकित्सा होती. त्याच चेतपेटमध्ये १९५६ साली एक छोटे संशोधन केंद्र सुरू झाले आणि या चिकित्सेतले नेमके काय कामाचे आहे, याचा पहिल्यांदा काटेकोर हिशेब मांडला गेला.

टीबीच्या रुग्णाला घरी राहून, गोळ्या घेऊन बरे होता येते हे आज खेड्यातल्या आशाताईंनाही ठाऊक आहे. ही साधी वाटणारी गोष्ट कुणीतरी सिद्ध करावी लागली. ती सिद्ध करणाऱ्या संस्थेचा हा इतिहास आहे. तो डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या कारकिर्दीशी इतका बांधलेला आहे की एकाची गोष्ट दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला सॅनिटोरियम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मिरजेजवळची वानलेसवाडी, पाचगणीचे बेल-एअर, मुंबईतले शिवडीचे रुग्णालय ही नावे घराघरांत दबक्या आवाजात घेतली जात. 'हवापालटाला पाठवले आहे' असे शेजाऱ्यांना सांगायचे, दागिने मोडायचे, मुलीचे लग्न ठरायचे असेल तर आजाराचा उच्चारही करायचा नाही. आणि हे सारे ज्यांना जागा मिळाली त्यांचे. बाकीच्यांचे नाव प्रतीक्षायादीत असे, आणि पुष्कळदा पाळी येण्याआधीच माणूस जाई.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशभर क्षयाची नमुना पाहणी केली. क्षय हा गिरण्यांच्या, चाळींच्या, दाटीवाटीच्या शहरांचा रोग अशी समजूत होती. पाहणीत दिसले ते वेगळेच. खेड्यांमध्येही तो जवळपास तेवढाच पसरलेला होता. रुग्ण लाखांच्या घरात, तर देशातल्या सगळ्या सॅनिटोरियममधल्या खाटा काही हजार. खाटा दुप्पट, चौपट, दसपट केल्या तरी हे गणित सुटणारे नव्हते.

दुसऱ्या बाजूला औषधे आली होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. त्याची ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली आणि कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे डॉक्टरने न ठरवता चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवायचे, ही पद्धत वैद्यकात रुजली. पाठोपाठ पीएएस हे औषध आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड. आयसोनियाझिड स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि जबरदस्त परिणामकारक होते. एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि दोन एकत्र दिली तर हा धोका बराच टळतो, हेही तोवर कळले होते. म्हणजे औषधे होती आणि ती कशी द्यायची याची समजही होती. पण ती द्यायची कुठे? युरोप-अमेरिकेत ती सॅनिटोरियमच्या खाटेवरच दिली जात होती, कारण खाटा आधीपासून होत्याच. खाट नसलेल्या देशाने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

मद्रासच्या केंद्रामागे चार हात होते : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल. परिषदेची धुरा तेव्हा डॉ. चिंतामण गोविंद पंडित यांच्याकडे होती. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे असे आहे. मद्रासच्या गिंडीतील किंग इन्स्टिट्यूटचे संचालक म्हणून त्यांनी पूर्वी काम केले होते, त्यामुळे ते शहर आणि तिथली वैद्यकीय मंडळी त्यांच्या परिचयाची होती. केंद्र सरकारचे क्षयरोग सल्लागार डॉ. पी. व्ही. बेंजामिन हे स्वतः सॅनिटोरियमच्या परंपरेत वाढलेले. तरीही त्या परंपरेची परीक्षा घेणाऱ्या कामाला त्यांनी पाठबळ दिले. ही गोष्ट लहान नाही. आपले आयुष्य ज्या पद्धतीत गेले तीच चाचणीला लावायला मोठे मन लागते.

केंद्राचे नाव होते ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर. मुदत ठरली होती पाच वर्षांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाचे प्रमुख म्हणून लंडनहून आले डॉ. वॉलेस फॉक्स. वय पस्तीस.

फॉक्स १९२० साली जन्मले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये झाले. १९५२ पासून ते मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या क्षयरोग विभागात काम करत होते. त्या विभागाचे प्रमुख फिलिप डार्सी हार्ट स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे एक शिल्पकार. चाचणीचा आराखडा आधी कागदावर पक्का करायचा, मग त्यापासून तसूभर ढळायचे नाही आणि निकाल आपल्या मनासारखा येवो न येवो, जसा आहे तसा छापायचा, ही शिस्त फॉक्स तिथे शिकले. ती शिस्त घेऊन ते मद्रासला आले आणि पाच वर्षे तिथे राहिले.

पहिल्या चाचणीत १९३ रुग्ण घेतले गेले. सगळे मद्रास शहरातल्या गरीब, दाट वस्तीतले, थुंकीत जंतू असलेले, नुकतेच निदान झालेले. चिठ्ठीने त्यांचे दोन गट पाडले. निम्म्यांना वर्षभर सॅनिटोरियममध्ये ठेवले. निम्म्यांना त्यांच्याच घरी पाठवले. औषधे दोघांना तीच : आयसोनियाझिड आणि पीएएस, बारा महिने.

हे वाचताना सोपे वाटते. त्या काळच्या डॉक्टरच्या जागी उभे राहून पाहिले की त्याचे वजन कळते. थुंकीतून जंतू बाहेर टाकणारा माणूस एका खोलीच्या घरात परत पाठवायचा. तिथे त्याची बायको, दोन-तीन मुले, कदाचित म्हातारी आई. सगळे एकाच जमिनीवर शेजारी शेजारी झोपणार. कमावता तोच असेल तर थोडे बरे वाटताच तो पुन्हा ओझी उचलायला जाणार. पोटाला भात आणि पातळ सांबार. त्या वेळच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या मते हा माणूस बरा होणे कठीण होते आणि त्याच्या घरची मुले धोक्यात होती. दुसऱ्या गटात स्वच्छ वॉर्ड, परिचारिका, दूध, अंडी, विश्रांती. कोणत्याही समंजस माणसाने पैज कुठे लावली असती हे सांगायला नको.

निकाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांच्या थुंकीत जंतू उरले नव्हते. घरच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. रोग जास्त पसरलेले रुग्ण योगायोगाने घरच्या गटात काहीसे अधिक आले होते, हे लक्षात घेतले तर हा फरक आणखी कमी भरतो. पाच वर्षे मागोवा घेतल्यावर दोन्ही गट जवळपास एका रेषेत आले. पोषण, विश्रांती, हवा, निगराणी या सगळ्या बाबतीत घरचा रुग्ण मागे होता. तरीही बरे होण्यात तो मागे पडला नाही. औषध नियमित पोटात गेले की बाकीच्या उणिवा त्याने भरून काढल्या.

आणखी एक गोष्ट दिसली, तिची फारशी कुणी अपेक्षा केली नव्हती. सॅनिटोरियममधले काही रुग्ण मुदत संपण्याआधीच निघून गेले. घरची ओढ, मुलांची काळजी, रोजगार बुडतो ही धास्ती. घरच्या गटातले रुग्ण मात्र टिकले. आपल्या माणसांतून उचलून नेणे हा उपचाराचा एक दुष्परिणामच होता, आणि तोवर कोणी तो दुष्परिणामांच्या यादीत धरला नव्हता.

राहिला घरच्यांचा प्रश्न. संस्थेच्या सगळ्या कामांत मला हे काम सर्वांत धाडसी वाटते, आणि सर्वांत जबाबदारीचेही. रुग्ण घरी पाठवून केंद्र थांबले नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी झाली. ट्युबरक्युलिनची सुई टोचून, छातीचा एक्स-रे काढून, पुन्हा पुन्हा, पाच वर्षे. रुग्ण घरीच राहिल्यामुळे कुटुंबात रोग वाढला का? नाही. रुग्णाला वर्षभर दूर ठेवलेल्या कुटुंबांपेक्षा तो जास्त आढळला नाही. कारण विचार केला तर समजते. खोकला सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचे कित्येक महिने रुग्ण घरातच असतो. जी लागण व्हायची ती बहुतेक तेव्हाच होऊन जाते. औषध सुरू झाले की त्याची संसर्ग देण्याची शक्ती झपाट्याने उतरते. म्हणजे रुग्ण दूर पाठवायची वेळ येते तोवर पाठवण्याचे कारणच बरेचसे संपलेले असते. हा पाच वर्षांचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला.

इतक्या गरीब वस्तीत पाच वर्षे कुटुंबांचा माग ठेवणे कसे जमले असेल, याचे श्रेय ज्यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच येतात त्यांना आहे. केंद्राच्या हेल्थ व्हिजिटर बाया आणि समाजसेवक गल्ल्यांमधून फिरत. घर बदलले तर नवे घर शोधून काढत. नवरा औषध घेत नसेल तर बायकोशी बोलत, सासू अडवत असेल तर सासूशी. शोधनिबंधांवर फॉक्स यांच्या बरोबर देवदत्त, वेलू, रामकृष्णन, राधाकृष्ण, गंगाधरम, अँड्र्यूज, सेल्कन ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात. जंतुशास्त्राची बाजू लंडनहून डेनिस मिचिसन सांभाळत होते. (मिचिसन हे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे भाचे. मामा १९५७ साली भारतात येऊन इथलेच झाले, आणि भाच्याचे अर्धे आयुष्य मद्रासच्या बेडक्यांतल्या जंतूंचा अभ्यास करण्यात गेले.)

घरी उपचार होतो हे सिद्ध झाले, पण फॉक्स यांना एक शंका सोडत नव्हती. औषध दिले म्हणजे ते घेतले, असे धरून चालायचे का?

पीएएस हे औषध ज्यांनी घेतले नाही त्यांना या शंकेचे गांभीर्य कळणार नाही. दिवसाला काही ग्रॅम, म्हणजे मोठमोठ्या पुड्या किंवा कॅप्सूलसारख्या कॅशे. घशात अडकणाऱ्या, पोटात गेल्यावर मळमळ, ढेकर, जुलाब. महिन्याभरात रुग्णाचा ताप जातो, वजन वाढते, भूक लागते. त्याला वाटते आपण बरे झालो. मग पुढचे अकरा महिने ही पुडी कशासाठी? केंद्राने तपासणीच्या साध्या पद्धती बसवल्या. हेल्थ व्हिजिटर न सांगता घरी जाई, डब्यातल्या गोळ्या-पुड्या मोजे आणि लघवीचा नमुना घेई. नमुन्यात फेरिक क्लोराईडचे काही थेंब टाकले की पीएएस घेतले असेल तर लघवी जांभळट होते, घेतले नसेल तर रंग बदलत नाही. अशा भेटींतून दिसले की अगदी मनापासून सहकार्य करणारे, दवाखान्यात नेमाने येणारे, डॉक्टरांना नमस्कार करून जाणारे रुग्णही पुष्कळदा औषध चुकवत होते.

फॉक्स यांनी १९५८ साली 'ट्युबरकल' या नियतकालिकात याच प्रश्नावर लेख लिहिला. क्षयाच्या उपचारात रुग्णाने स्वतः औषध घेणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी रुग्णाला दोष दिला नाही, आणि इथेच त्यांचे मोठेपण मला दिसते. तो अडाणी आहे, बेजबाबदार आहे, असा सूर तेव्हाच्या वैद्यकीय लिखाणात सर्रास सापडतो. फॉक्स यांचे म्हणणे असे की कोण औषध घेईल आणि कोण चुकवेल हे त्याच्या शिक्षणावरून, बुद्धीवरून किंवा चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. माणूसमात्राचा हा स्वभाव आहे. लंडनचा रुग्णही तेच करतो. तेव्हा उपचाराची आखणीच अशी हवी की तिला माणसाचा स्वभाव सोसवेल.

या विचारातून संस्थेचे दुसरे मोठे काम उभे राहिले. रोज औषध द्यायचे आणि रोज समोर घ्यायला लावायचे, तर रुग्णाला रोज दवाखान्यात यावे लागेल. रोजंदारीवरच्या माणसाला ते शक्य नाही. आठवड्यातून दोनदाच औषध दिले, पण प्रत्येक वेळी परिचारिकेच्या समोर, तर? क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. औषधाचा तडाखा बसला की औषध निघून गेल्यावरही तो काही दिवस सावरत नाही. प्रयोगशाळेत हे दिसले होते. म्हणून डोसांमध्ये अंतर ठेवण्याला शास्त्रीय आधार होता. मद्रासमध्ये एका गटाला आठवड्यातून दोनदा स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि मोठ्या डोसचे आयसोनियाझिड समोर दिले, दुसऱ्या गटाला रोजचे आयसोनियाझिड आणि पीएएस घरी न्यायला दिले. १९६४ साली निकाल आला : वर्षअखेरीस पहिल्या गटात ९४ टक्के, दुसऱ्या गटात ८५ टक्के रुग्ण जंतुमुक्त. पुढे तीन दशकांनी जगभर 'डॉट्स' या नावाने जी पद्धत गाजली, तिचे मूळ इथे आहे.

याच काळात केंद्राने आयसोनियाझिडबद्दल बरेच काही शिकवले. स्वस्त म्हणून ते एकटेच देऊन भागेल का, हेही तपासले आणि भागणार नाही असे दाखवले. डोस वाढवला की पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. काही माणसांचे शरीर हे औषध सावकाश निकामी करते, त्यांच्यात हा त्रास अधिक. आणि बी-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी दिली की तो टळतो. आजही टीबीच्या रुग्णाला पायरिडॉक्सिन लिहून देताना आपण मद्रासचेच ऋण फेडत असतो.

फॉक्स १९६१ साली लंडनला परतले. पाच वर्षांसाठी काढलेले केंद्र बंद झाले नाही. १९६४ साली वैद्यकीय संशोधन परिषदेने ते कायमचे आपल्या पंखाखाली घेतले. तोवर त्याच्या कामाचा परिणाम धोरणात दिसू लागला होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे खेड्यांतले काम आणि मद्रासचा घरचा उपचार, या दोन पायांवर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. बरीच सॅनिटोरियम हळूहळू बंद पडली किंवा सर्वसाधारण रुग्णालये झाली, इथेच नव्हे, श्रीमंत देशांतही. गरीब देशासाठी शोधलेले उत्तर श्रीमंतांनी उचलले, असे वैद्यकात फार वेळा घडत नाही.

लंडनमध्ये फॉक्स १९६५ पासून १९८६ पर्यंत मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या क्षयरोग व छातीच्या आजारांच्या विभागाचे संचालक होते. हा विभाग ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये होता. मद्रासमध्ये खाट गेली, रोजचा डोस गेला. उरला होता तो काळ. वर्ष-दीड वर्ष औषध घेणे ही कोणालाही जड जाणारी गोष्ट. रिफॅम्पिसिन हे नवे औषध आणि यकृताला त्रास देते म्हणून बाजूला पडलेले पायराझिनामाईड हे जुने, या दोघांना हाताशी धरून फॉक्स आणि मिचिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या डॉक्टरांबरोबर सहा महिन्यांच्या उपचाराची चाचणी केली. १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला तिचा निकाल क्षयाच्या इतिहासातला एक मैलाचा दगड आहे. फक्त स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड सहा महिने घेतलेल्यांपैकी शंभरात जवळपास तीस जणांचा रोग उलटला. त्यात रिफॅम्पिसिन घातल्यावर हा आकडा दोन-तीनवर आला. पायराझिनामाईड घातल्यावर आठच्या आसपास. म्हणजे ही दोन औषधे दडून बसलेले, सुस्त जंतू मारत होती, आणि त्यामुळेच उपचार छोटा करता येत होता. पुढे हाँगकाँग, सिंगापूर, पूर्व आफ्रिका आणि पुन्हा मद्रास अशा चाचण्यांची साखळी झाली आणि आजचा सहा महिन्यांचा कोर्स तिच्यातून घडला. फॉक्स यांना प्राध्यापकपद मिळाले त्या विषयाचे नाव होते कम्युनिटी थेराप्युटिक्स. समाजाच्या पातळीवर उपचार कसा पोचतो, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. २०१० च्या जानेवारीत, एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले.

मद्रासचे केंद्र १९७८ साली ट्युबरक्युलोसिस रिसर्च सेंटर झाले आणि २०११ साली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. मधल्या काळातल्या सगळ्या कामांची नोंद इथे करणे शक्य नाही. मणक्याच्या क्षयाला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहण्याची गरज नाही, गोळ्या घेत हिंडता-फिरता येते, हे दाखवणाऱ्या चाचण्यांत संस्थेचा वाटा होता. चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेली बीसीजी लशीची चाचणी जगातली सर्वांत मोठी. अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा नुसता निष्क्रिय द्रव टोचला गेला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजी तिथे संरक्षण देत नाही, असा निकाल आला. तो कोणालाच नको होता. तो प्रसिद्ध झाला, पंधरा वर्षे माग काढून पुन्हा तपासला गेला आणि तसाच उभा राहिला.

आता संस्थेने स्वतःचेच म्हणणे खोडून काढल्याची गोष्ट. १९८६ साली मद्रासमध्येच भारतातले पहिले एचआयव्हीचे रुग्ण सापडले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनिती सॉलोमन या मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातल्या. एचआयव्हीने क्षयाला नवे बळ दिले. पुढे आलेला भारताचा सुधारित क्षयरोग कार्यक्रम आठवड्यातून तीनदा औषध देण्याच्या पद्धतीवर चालत होता. अंतराने डोस देण्याची ही कल्पना चेतपेटमध्येच वाढलेली. संस्थेतल्या डॉ. सौम्या स्वामीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेल्या क्षयरोग्यांत ती तपासली, तेव्हा आढळले की अंतराने औषध घेणाऱ्यांपैकी ज्यांचा रोग हटत नाही किंवा उलटतो, त्यांच्यात रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू तयार होतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संस्थेच्या चाचणीत रोजचा डोस सरस ठरला. देशाचा कार्यक्रम त्याआधीच, २०१७ साली, रोजच्या औषधावर आला होता. ज्या कल्पनेने संस्थेला जगात नाव मिळवून दिले, तीच बदललेल्या परिस्थितीत अपुरी पडते हे संस्थेनेच मांडले. फॉक्स यांची शिस्त त्यांच्या पश्चात टिकली, याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

एका गोष्टीचा मात्र इथे खुलासा केलाच पाहिजे, कारण पहिल्या चाचणीचा तिच्यामुळे गैरवापर झाला. १९६१ साली केंद्राने आहारावर निबंध छापला होता. सॅनिटोरियममध्ये जेवण चांगले, वजनही जास्त वाढले. पण औषध नियमित घेणारा घरचा रुग्ण कमी अन्नावरही बरा झाला. यातून पुष्कळांनी सोयीचा अर्थ काढला की क्षयाशी अन्नाचा संबंधच नाही. गोळ्या वाटल्या की सरकारचे काम संपले. निबंधाने असे म्हटले नव्हते. चांगले खाणे औषधाची जागा घेऊ शकत नाही आणि कमी खाणे औषध थांबवायचे कारण होत नाही, एवढेच त्याने दाखवले होते. उपाशी घरात क्षय शिरतो का, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेल्यावर, आणि विचारणाऱ्यांमध्ये हीच संस्था होती. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि संस्थेचे संशोधक यांनी झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाची चाचणी केली. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. सगळ्या रुग्णांना सहा महिने तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल असा दरमहा दहा किलोंचा शिधा दिला गेला. एका गटात घरच्यांनाही माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना नाही. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ज्या घरांना शिधा मिळाला त्यांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकीतून संसर्ग देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूची शक्यताही निम्म्याहून अधिक घटली.

सरकारने २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये द्यायला सुरुवात केली होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली, आणि निक्षय मित्रांकडून, म्हणजे स्वेच्छेने मदत करणाऱ्या दात्यांकडून, मिळणाऱ्या शिध्यात आता रुग्णाच्या घरच्यांचाही विचार केला जातो. दात्यांना, तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे की टोपली भरताना फक्त रुग्णाचे नाव पाहू नका, त्या घरात ताटे किती लागतात तेही विचारा. झारखंडच्या चाचणीत फरक पडला तो त्याच ताटांमुळे.